इंग्लंडमधल्या गावाच्या नावाचं मूळ शोधायचं तर

नॉरफोकमध्ये ग्रेट स्नोरिंग नावाचं गाव आहे आणि ग्लॉस्टरशरमध्ये अपर स्लॉटर. पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायचा, ‘घोरणाऱ्यांचं गाव’, ‘कत्तलीचं गाव’ म्हणून हसायचं आणि गाडी पुढे काढायची, असा बहुतेकांचा शिरस्ता. पण १०८६ च्या डोम्सडे बुक या शाही पाहणीच्या नोंदीत पहिलं गाव ‘स्नारिंगेस’ असं येतं, म्हणजे स्नेअर नावाच्या कुणाच्या तरी गोतावळ्याची वस्ती. या नावाचा संबंध ‘चपळ’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दाशी लावतात, तेव्हा झोपेचा प्रश्नच मिटला. दुसरं गाव ‘स्क्लोस्ट्रे’ असं येतं. त्याचा अर्थ चिखलाची जागा. कत्तल कुणाचीच झालेली नाही.

नावांची अशी उकल स्वतः करता येते. त्यासाठी जुनी इंग्लिश यावी लागत नाही, लॅटिनही नाही. चिकाटी लागते आणि एक नियम पाळावा लागतो: आधी जुनी रूपं जमवायची, ती तारखेच्या क्रमाने लावायची, आणि अर्थाकडे त्यानंतरच वळायचं. हा क्रम उलटा केला की मनात आधीच बसलेल्या अर्थाला पुरावे चिकटवत बसण्याची सवय लागते. गावोगावच्या पबमधल्या भिंतींवर लावलेल्या ‘आमच्या गावाचा इतिहास’ छापाच्या बऱ्याच कथा अशाच जन्मल्या आहेत.

पहिली पायरी: गाव नक्की कोणतं?

हे फार सोपं वाटतं आणि इथेच घोळ होतो. सटन, नॉर्टन, न्यूटन, हिंटन या नावाची गावं इंग्लंडभर पसरलेली आहेत. त्यामुळे वहीच्या डोक्यावर गावाबरोबर काउंटी (जिल्हा) आणि पॅरिश (चर्चचा हद्दविभाग) लिहा. काउंटी लिहिताना जुनी लिहा, कारण १९७४ साली हद्दी बदलल्या आणि गावांच्या नावांवरचे अभ्यासकांचे खंड जुन्या काउंट्यांप्रमाणे लावलेले आहेत. डोंगरउतारावरच्या पांढऱ्या घोड्यासाठी प्रसिद्ध असलेलं अफिंग्टन आज ऑक्सफर्डशरमध्ये आहे, पण त्याची माहिती बर्कशरच्या खंडात शोधावी लागते. हंटिंग्डनशरची गावं आता केंब्रिजशरमध्ये गेली आहेत. नवा माणूस चुकीचा खंड चाळून ‘माझं गाव दिलंच नाहीये’ म्हणतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी घरापासूनच सुरुवात करायला हरकत नाही. १९६७ मध्ये नवं शहर जाहीर झालं ते तिथल्या एका जुन्या खेड्याचं नाव घेऊन, आणि ते खेडं शहराच्या पोटात आजही आहे. १०८६ ला ते नुसतं ‘मिडेलटोने’ होतं, मधली वाडी. १२२७ मध्ये ‘मिडेलटन केन्स’ दिसतं, कारण बाराव्या शतकापासून तिथली जहागीर नॉर्मंडीतल्या काहेन्य गावाहून आलेल्या घराण्याकडे होती. मिडलटनचं झिजून मिल्टन झालं. मिल म्हणजे गिरणी, तिचा इथे संबंध नाही.

दुसरी पायरी: जुनी रूपं जमवा

सगळ्यांत आधी डोम्सडे बुक उघडा. इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन राजा विल्यमने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला दरबार भरवला आणि अख्ख्या मुलखाची पाहणी करायचं ठरवलं: जमीन कुणाची, नांगर किती, गिरण्या किती, उत्पन्न काय. १०८६ मध्ये ती पाहणी झाली. मूळ ग्रंथ लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यात तेरा हजारांहून अधिक वस्त्यांची नावं आहेत. ‘ओपन डोम्सडे’ या संकेतस्थळावर गावाचं आजचं नाव टाकलं की मूळ पानाचं चित्र आणि नोंद फुकट दिसते. मात्र नॉर्थम्बरलंड, डरहॅम आणि कंबर्लंडचा बराचसा भाग या पाहणीत आलाच नाही. तिथलं गाव डोम्सडेत सापडलं नाही म्हणून ते १०८६ नंतर वसलं असं धरू नका.

डोम्सडेपेक्षा जुनं काही हवं असेल तर नॉर्मनांआधीच्या अँग्लो-सॅक्सन राजांच्या सनदा पाहा. त्यातली चतुःसीमा बहुधा लोकांच्या भाषेत, जुन्या इंग्लिशमध्ये असते: अमुक ओढ्यापासून तमुक काटेरी झाडापर्यंत, तिथून जुन्या बांधाने वर. वाचायला मोठी मजा येते. या सनदांची यादी ‘इलेक्ट्रॉनिक सॉयर’ या संकेतस्थळावर आहे आणि प्रत्येक सनदेला क्रमांक आहे. एकच काळजी घ्या. कितीतरी सनदा नंतरच्या नकला आहेत, काही तर मठांनी हक्क सांगण्यासाठी रचलेल्या बनावट आहेत. म्हणून वहीत सनदेवरची तारीख आणि नकलेची तारीख अशा दोन्ही लिहा. दहाव्या शतकाच्या सनदेची तेराव्या शतकातली नक्कल असेल, तर तिच्यातलं स्पेलिंग कुठल्या काळचं हे सांगता येत नाही.

डोम्सडेनंतर खजिन्याच्या हिशेबाच्या गुंडाळ्या येतात. त्यांना पाइप रोल म्हणतात. ११३० ची एक उरली आहे आणि बाराव्या शतकाच्या मध्यापासून त्या जवळजवळ सलग मिळतात. त्यांच्या जोडीला जमिनीच्या व्यवहारांचे कागद, न्यायालयाच्या नोंदी आणि करांच्या याद्या. १५३८ पासून चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्या सुरू होतात. सॅक्स्टनचे नकाशे १५७० च्या दशकातले, स्पीडचे १६११ चे. सगळ्यांत शेवटी ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे सरकारी नकाशा-खातं. त्याचे इंग्लंडचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळतात, हे लक्षात ठेवण्यासारखं.

एवढं सगळं आपण स्वतः उपसायचं का? नाही. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी १९२३ पासून हेच काम काउंटीवार करते आहे, आणि शंभर वर्षांनंतरही काही काउंट्यांचं काम पुरं झालेलं नाही. तिच्या खंडांत प्रत्येक गावाखाली जुनी रूपं तारखेसकट आणि साधनासकट ओळीने दिलेली असतात. मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात हे खंड असतात. थोडक्यात उत्तर हवं असेल तर नॉटिंगहॅम विद्यापीठाचं ‘की टू इंग्लिश प्लेस-नेम्स’ हे संकेतस्थळ आहे. नकाशावर गाव निवडायचं, घटक आणि अर्थ समोर येतो. पण तिथे थांबू नका. अर्थ एका ओळीत मिळतो, तो का धरला हे मात्र खंडातल्या रूपांच्या ओळीतच कळतं.

मी इथे जुनी रूपं देवनागरीत लिहितो आहे. तुम्ही वहीत रोमन अक्षरं जशी आहेत तशीच उतरवा, एकही अक्षर ‘दुरुस्त’ न करता. विल्टशरमधल्या चिपेनहॅमचा निकाल एका जास्तीच्या ‘एम’वर लागतो. जुन्या इंग्लिशमध्ये ‘हाम’ म्हणजे घर, वस्ती आणि ‘हम्म’ म्हणजे नदीच्या वळणात सापडलेली जमीन. आज दोन्हींचं ‘हॅम’ झालं आहे. इ.स. ९०० च्या सुमाराच्या रूपात या गावाला ‘चिप्पनहम्मे’ म्हटलं आहे, दोन ‘एम’ घालून. नकाशा उघडा, एव्हन नदी जुन्या गावाला वळसा घालताना दिसेल.

तिसरी पायरी: लिहिणारा कोण होता?

डोम्सडे लॅटिनमध्ये आहे आणि ते घडवणाऱ्यांत नॉर्मन कानांचा मोठा वाटा होता. इंग्लिश गावकरी नाव सांगणार, कारकून आपल्या सवयीप्रमाणे ते उतरवणार. ‘थ’ त्यांना जमेना, म्हणून ‘थॉर्प’चं सर्रास ‘टॉर्प’ झालं. ‘क’साठी ते कधी ‘सी-एच’ लिहीत. केंट काउंटीचं नाव तिथे सी-एच-ने सुरू होतं, वाचायचं मात्र केंटच. शब्दाच्या शेवटी लॅटिन विभक्तीचं शेपूट असतं, ते बाजूला काढायचं. नॉटिंगहॅम नवव्या शतकाच्या अखेरीस ‘स्नोटेंगाहॅम’ होतं, डोम्सडेतही ‘स्नोटिंगेहॅम’ आहे. स्नॉट नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती ती. पुढे नॉर्मन वळणाने सुरुवातीचा ‘स’ गळाला. स्नॉट म्हणजे आजच्या इंग्लिशमध्ये शेंबूड हे लक्षात घेतलं, तर तिथले लोक नॉर्मनांचे उपकार मानत असतील.

आता एक गाव जरा जवळून पाहू. केंब्रिजच्या दक्षिणेला नदीकाठी ग्रँटचेस्टर आहे. ‘चेस्टर’ दिसलं की रोमन किल्ला किंवा नगर, हे प्राथमिक पुस्तकातलं पहिलं वाक्य. विंचेस्टर, मँचेस्टर, कोलचेस्टर या ठिकाणी ते खरंही आहे. शिवाय बीड नावाच्या भिक्षू इतिहासकाराने ७३१ मध्ये पुऱ्या केलेल्या इतिहासात ‘ग्रांताकेस्टिर’ नावाचं ओसाड नगर आहे. ईलीच्या मठातली मंडळी राणी एथेलथ्रिथच्या शवपेटीसाठी दगड शोधायला नावेतून निघाली आणि या नगराच्या तटाजवळ त्यांना पांढऱ्या संगमरवराची सुरेख पेटी मिळाली, अशी ती हकिगत. नाव जुळलं, नदी जुळली, प्रकरण मिटलं असं कुणालाही वाटेल.

पण डोम्सडेत ग्रँटचेस्टर आहे ‘ग्रांतेसेता’. शेवटचा घटक ‘सेते’, म्हणजे वस्ती करून राहिलेले लोक. ग्रांता नदीकाठचे रहिवासी एवढाच त्याचा अर्थ, किल्ल्याचा मागमूस नाही. पुढच्या शतकांत ‘सेते’ हा शब्द लोकांना कळेनासा झाला आणि त्याच्या जागी ओळखीचं ‘चेस्टर’ येऊन बसलं. बीडचं ओसाड नगर म्हणजे आजचं केंब्रिज. ते ७४५ च्या सुमारास ‘ग्रोंताब्रिक’ आहे, ग्रांतावरचा पूल. डोम्सडेत त्याचं ‘कांतेब्रिजिए’ झालं, म्हणजे ‘ग’चा ‘क’ झाला आणि ‘र’ उडाला. हळूहळू केंब्रिज झालं. मग लोकांनी उलटा हिशेब केला: केंब्रिज म्हणजे कॅमवरचा पूल, तेव्हा नदी कॅमच असणार. गावावरून नदीचं नाव पडलं. चेल्म्सफर्डवरून चेल्मर नदीचं नाव असंच तयार झालं आहे. म्हणून ‘नदीवरून गावाला नाव पडलं’ हे वाक्य लिहिण्याआधी नदीच्या नावाचीही जुनी रूपं पाहायची.

चौथी पायरी: नाव शेवटाकडून सोडवा

रूपांची ओळ तयार झाली की शेवटचा घटक ओळखा. ‘टन’ बहुधा ‘तून’, म्हणजे कुंपणातली वाडी, पुढे गाव. ‘ली’, ‘ले’ हे ‘लेआह’, रान किंवा रानातली मोकळी जागा. ‘बरी’, ‘बरा’ हे तटबंदीचं ठिकाण. ‘डन’ म्हणजे टेकडी, पण ‘डीन’ म्हणजे दरी, आणि नावाच्या शेवटी ही दोन्ही एकमेकांत बेमालूम मिसळतात. ‘विक’ म्हणजे खास उत्पादनाची वाडी. लँकेशरमधलं प्रेस्टन म्हणजे धर्मगुरूंची वाडी, विल्टशरमधलं स्विंडन म्हणजे डुकरांची टेकडी.

‘बाय’ (गाव; नावाच्या शेवटी उच्चार ‘बी’) आणि ‘थॉर्प’ (छोटी वस्ती) दिसले की डेन लोक आले. त्यांची फौज ८६५ मध्ये उतरली आणि पुढे पूर्व आणि उत्तर इंग्लंडचा मोठा पट्टा त्यांच्या कायद्याखाली गेला. म्हणून लिंकनशर, यॉर्कशरमध्ये ग्रिम्सबी, व्हिटबी अशी नावं दाट आहेत आणि डेव्हनमध्ये जवळजवळ नाहीत. या लोकांनी नवी नावं दिली तशी जुन्या नावांची जीभही बदलली. लंडनचं चिझिक आणि कंब्रियाचं केझिक हे एकच नाव आहे, चीज होतं ती वाडी. दक्षिणेत ‘च’ राहिला, उत्तरेत ‘क’ झाला. शिप्टन आणि स्किप्टन तसंच, दोन्ही मेंढ्यांच्या वाड्या. या दोन जोड्या पाठ करा, नकाशा वाचताना पदोपदी उपयोगी पडतात.

टेकड्यांच्या शब्दांबाबत गावांच्या नावांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांचं काम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. त्यांनी दाखवून दिलं की अँग्लो-सॅक्सन शेतकरी ‘टेकडी’ म्हणून वाटेल तो शब्द वापरत नसे. ‘दून’ ही सपाट माथ्याची, वर गाव वसू शकेल अशी टेकडी. ‘बेओर्ग’ गोलसर उंचवटा. दऱ्यांचेही असेच प्रकार. त्याआधी न कळणारा पहिला घटक दिसला की ‘कुणातरी माणसाचं नाव असेल’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत होती. माणसांची नावं आहेतच, भरपूर आहेत, पण तो शेवटचा उपाय समजा.

कोशात एखाद्या शब्दाआधी तारा काढलेला दिसेल. याचा अर्थ तो शब्द कुठल्याही लिखाणात सापडलेला नाही, तो अंदाजाने उभा केला आहे. ताऱ्याच्या शब्दावर इमले बांधायचे नाहीत.

पाचवी पायरी: शेपटं आणि बिरुदं

बाराव्या-तेराव्या शतकात एकाच नावाची गावं ओळखू येईनात, म्हणून त्यांना जोडनावं लागली. ग्रेट आणि लिटल म्हणजे आपले बुद्रुक आणि खुर्द. त्याखेरीज मालकाचं घराणं येतं: लेस्टरशरमधलं किबवर्थ बोशां आणि त्याच्या शेजारचं किबवर्थ हारकोर्ट. शिवाय लॅटिन. डॉर्सेटमध्ये टोलर फ्रॅट्रम आणि टोलर पोर्कोरम अशी दोन गावं आहेत. पहिलं बंधूंचं, म्हणजे सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचं. दुसरं डुकरांचं. तिथे डुकरं पाळत असणार, बाकी काही नाही.

सरावासाठी डॉर्सेटमधलं पिडल नदीचं खोरं घ्या. याच्याइतकं शिकवणारं खोरं दुसरं नाही. डोम्सडेत या नदीकाठच्या एकाहून अधिक इस्टेटी नुसत्या ‘पिडेले’ म्हणून लिहिल्या आहेत, नावावरून कोणती कुठली हे कळणं अशक्य. तिथे धारक कोण हे पाहावं लागतं. टॉलपडल आबट्सबरीच्या मठाकडे होतं, कारण टोला नावाच्या विधवेने तिची जमीन मठाला दिली. १२१० पर्यंत तिचं नाव गावाला चिकटून ‘टोलेपिडेले’ झालेलं दिसतं. संघटना केली म्हणून १८३४ मध्ये ज्या शेतमजुरांना ऑस्ट्रेलियाला धाडलं, ते याच गावचे. शेजारचं आफपडल आफा नावाच्या माणसाचं. पिडलट्रेंटहाइडमध्ये फ्रेंच ‘त्रांत’, म्हणजे तीस, आणि हाइड हे जमीन आकारणीचं माप: तीस हाइडांचं पिडल. पिडलहिंटन धर्मसंस्थेचं. आणि ‘पिडल’ म्हणजे लघवी असं वाटून काही ठिकाणी तो शब्द ‘पडल’ झाला. मूळ शब्दाचा अर्थ दलदल धरतात, तोही ताऱ्यासकट.

या सोवळेपणाला अपवाद जवळच आहे. त्याच काउंटीतलं शिटर्टन डोम्सडेत ‘स्केट्रा’ आहे. अर्थ तुम्हाला वाटतो तोच, घाण वाहून नेणारा ओढा. पाटी वारंवार चोरीला जायची, म्हणून २०१० मध्ये गावकऱ्यांनी दीड टन वजनाचा दगड आणून त्यावर नाव कोरून घेतलं.

सहावी पायरी: स्थानिक उच्चार ऐका

नॉरफोकचं हॅपिसबरा तिथले लोक ‘हेझब्रा’ म्हणतात, विमंडहॅमला ‘विंडम’, कॉस्टेसीला ‘कॉसी’. डेव्हनमधलं वुल्फार्डिसवर्दी ‘वूल्झरी’ होतं, आणि पाट्यांवरही ते दुसरं रूप दिसतं. छापील स्पेलिंग गोठलं तरी जीभ पुढे गेलेली असते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चर्चच्या वह्यांत कारकून ऐकलं तसं लिहून जातो, तेव्हा मूळ अर्थासाठी निरुपयोगी असलेली ही उशिराची रूपं उच्चाराच्या इतिहासासाठी सोन्यासारखी असतात. गावी जाणार असाल तर म्हाताऱ्या माणसाला नाव म्हणायला सांगा, आपण आधी म्हणून दाखवू नका. पाहुण्याची चूक दुरुस्त न करता त्याच्याचसारखं म्हणण्याची सौजन्यशील खोड इंग्लंडात फार आहे.

सातवी पायरी: जमीन पाहा

उकल जमिनीवर बसली पाहिजे. ‘फर्ड’, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, आहे तर ती कुठे होती? ‘दून’ आहे तर माथा सपाट आहे का? नाव सपाट पाणथळीतल्या गावाला टेकडी म्हणत असेल तर एकतर वस्ती सरकली आहे किंवा तुम्ही घटक चुकीचा धरला आहे. वस्ती सरकणं दुर्मीळ नाही. जुनं चर्च शेतात एकटं उभं आणि घरं अर्ध्या मैलावर असं दिसलं तर मोजमाप चर्चपासून करा.

ऐकीव गोष्टी गळ्यात पडतात त्याही इथेच तपासायच्या. ‘टॉरपेनहाउ हिल म्हणजे टेकडी-टेकडी-टेकडी-टेकडी’ हा विनोद सगळीकडे फिरतो. कंब्रियात टॉरपेनहाउ गाव आहे, पण त्या नावाची टेकडी तिथले लोक ओळखत नाहीत. असंच उदाहरण द्यायचं असेल तर लँकेशरची पेंडल हिल घ्या. ‘पेन’ ही जुन्या ब्रिटनांची टेकडी, त्यावर इंग्लिशांचं ‘हिल’, ते झिजल्यावर पुन्हा एक ‘हिल’. प्रत्येक नव्या भाषेच्या लोकांना आधीचा शब्द नुसतं नाव वाटला.

नोंद लिहिताना

प्रत्येक गावाला एक पान द्या. सर्वांत जुनं रूप, साल, साधन, नक्कल असेल तर तिचं साल, मग पुढची रूपं, घटक, अर्थ, आणि जमिनीचा पडताळा. दोन अर्थ शक्य असतील तर दोन्ही लिहा. ब्रॉटनचे तीन आहेत: ओढ्याची वाडी, तटबंदीची वाडी, टेकाडाची वाडी, आणि आज तिघांचं स्पेलिंग एकच. हिंटनचे दोन आहेत: उंचावरची वाडी किंवा मठाच्या मंडळींची वाडी. जुन्या रूपात ‘हेन’ किंवा ‘हेआन’ असेल तर पहिल्याकडे कल ठेवा, ‘हिने’ असेल तर दुसऱ्याकडे. नुसत्या डोम्सडेच्या एका रूपावर ठरवू नका. तेराव्या शतकातली दोन-तीन रूपं हाती येईपर्यंत अर्थाच्या रकान्यात पेन्सिलीनेच लिहा.